जेवणावर झोप का येते? ताट बघा, रात्रही बघा

दुपारचं जेवण झालं की अंग जड होतं, डोळे मिटतात, वावरात जायची इच्छाच राहत नाही. आयुर्वेद म्हणतो, अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद असताना पोट भरून खाल्लं की अन्न नीट पचत नाही, आम म्हणजे अर्धवट पचलेला अंश तयार होतो, कफ वाढतो. अशा वेळी लोक आधी चूर्ण शोधतात. आधी ताट बघावं.

जड अन्न अर्ध्या तृप्तीपर्यंतच घ्यावं, हा आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांचा नियम. आपले रोडगे घ्या: जाडसर कणीक, तेलाचे पदर, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वरून वरण, तूप आणि वांग्याची भाजी. इथे पोट भरेस्तोवर खाणं म्हणजे झोपेला बोलावणंच. भूक थोडी राखूनच उठा. पाणी जेवताना मध्ये घोटघोट प्या. शेवटी तांब्याभर पाणी ढोसू नका.

भूकच लागत नसेल, तर जेवणाआधी १०-१५ मिनिटं आल्याचे दोन पातळ काप चिमूटभर सैंधव लावून चावून खा. पोट फुगत असेल तर पाव चमचा हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासासोबत घ्या. छातीत जळजळ होणाऱ्यांनी ही दोन्ही टाळावीत. बीपी असेल तर मीठ आणि सैंधव दोन्ही जपून. जेवणानंतर ताक चांगलं, पण वाटीभर दह्यात तीन-चार वाट्या पाणी घालून घुसळलेलं, लोणी काढलेलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेलं. नुसतं दही कफ वाढवतं.

आणि दुपारची झोप? उन्हाळ्यात ती शास्त्राला मान्य आहे. रात्र लहान असते आणि उन्हाने अंग कोरडं पडतं. पावसाळ्यात-हिवाळ्यात मात्र तीच झोप कफ वाढवते. जेवल्यावर शतपावली करा, मग थोडा वेळ डाव्या कुशीवर पडा, झोपू नका. म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि कष्टाने थकलेले यांना सूट आहे.

हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या लाईनवर, म्हणजे रात्री येणाऱ्या विजेवर, जागणाऱ्यांचा प्रश्न पोटाचा नाहीच. त्यांच्यासाठी वाग्भटाने स्पष्ट सांगितलंय: जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं. चार तास मोटरीवर गेले, तर दोन तास झोप, मग न्याहारी. घरचे आग्रह करून आधी खाऊ घालतात, तिथेच गडबड होते.

थोडं खाऊनही रोज गुंगी येत असेल, सोबत तहान फार लागत असेल, वारंवार लघवीला जावं लागत असेल किंवा धाप लागत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.