तुम्ही विचारलंत म्हणून: चिमूटभर सिरियम

दरवर्षी अकरावीला आवर्तसारणी शिकवायला घेतली की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमचं आवडतं मूलद्रव्य कोणतं?" त्यांना सोनं ऐकायचं असतं, फार तर युरेनियम. मी "सिरियम" म्हणते आणि वर्ग गप्प. मूळ घराला मागून पडवी काढावी तशा दोन ओळी सारणीच्या खाली असतात ना, त्यातल्या वरच्या ओळीत सुरुवातीलाच हे बसलेलं असतं. अणुक्रमांक 58. हल्ली चीन आणि चुंबकांच्या बातम्या यायला लागल्यापासून आमच्या सांगलीतल्या सोसायटीतले काकाही जिन्यात गाठून विचारतात, की हे रेअर अर्थ म्हणजे नक्की काय, आणि तुमचं ते सिरियम त्यातलंच का. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमच्या आबांच्या गॅसबत्त्या होत्या, भाड्यानं द्यायच्या. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता. लग्नाची वरात, जत्रा, सप्ताहातलं कीर्तन, सगळीकडे आबांच्या बत्त्या. संध्याकाळी त्या ओट्यावर ओळीनं मांडल्या जायच्या आणि मला मेंटलची पाकिटं धरून उभं राहायचं काम असायचं. मेंटल म्हणजे पांढऱ्या जाळीची मऊ पिशवी, बाहुलीच्या टोपड्याएवढी. आबा तिचा दोरा बत्तीतल्या नळीच्या गळ्याला आवळायचे, बोटानं सुरकुत्या सारख्या करायचे आणि काडी लावायचे. जाळी काळी पडायची, आक्रसायची, मग पांढरी होऊन लोंबत राहायची. तिच्याकडे बोट गेलं की आबा ओरडायचे, "हात लावू नगंस, तुटंल! कापड जळालं, आता निस्ती राख हाय ती."

मग पंप. टाकीतलं रॉकेल दाबानं वर चढायचं, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची, बारीक भोकातून सूं करत सुटायची, आणि त्या राखेचा असा उजेड पडायचा की अख्खं अंगण धुतल्यासारखं दिसायचं. ज्योत स्वतः निळसर, मिणमिणती. उजेड राखेचा! राख पुन्हा कशी पेटते, हा मला पडलेला रसायनशास्त्रातला पहिला प्रश्न. उत्तर मिळायला एम.एस्सी. उजाडलं.

ती राख म्हणजे सुमारे 99 भाग थोरियम या धातूचं ऑक्साइड आणि जेमतेम 1 भाग सिरियमचं. हे जमवलं ते व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. त्यांनी 1885 साली पहिल्या मेंटलचं पेटंट घेतलं, पण त्याचा उजेड हिरवट. त्यात माणसांचे चेहरे आजारी दिसायचे, त्यामुळे धंदा बसला. पुढे थोरियम हाताशी आलं, आणि मग गंमत झाली. थोरियम जसजसं शुद्ध करावं तसतसा उजेड मंद व्हायला लागला. म्हणजे इतके दिवस चमकत होती ती भेसळ. ती सिरियमची निघाली. नुसतं थोरियम तापतं भरपूर, पण डोळ्यांना दिसेल असा प्रकाश फारसा देत नाही. ते काम सिरियम करतं. बरं, म्हणून सिरियम वाढवलं तर मेंटलची उष्णता बाहेर फेकली जाते, ते निवतं आणि उजेड पुन्हा मंदावतो. आमटीतल्या हिंगासारखं आहे हे. 1891 साली हे मेंटल बाजारात आलं आणि विजेच्या दिव्यांनाही त्यानं बरीच वर्षं दमवलं.

हे थोरियम आणि सिरियम ज्यातून निघतं ते मोनाझाइट हे खनिज 1909 साली तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडलं आणि ती वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, 1950 साली, इंडियन रेअर अर्थ्स ही आपली कंपनी निघाली आणि 1952 मध्ये केरळात अलुवाला कारखाना. (थोरियम किरणोत्सारी असतं. लहानपणी त्या राखेवर मी किती फुंकरा मारल्या ते आता आठवू नये हेच बरं.)

आता काकांचा प्रश्न. रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ मृदा, एकमेकांसारख्या धातूंचा एक गट, आणि हो, सिरियम त्यातलंच. पण हे नाव दोन्ही बाजूंनी फसवं. सिरियम माती नाही, धातू आहे: करड्या रंगाचा, सुरीनं कापता येईल इतका मऊ, 795 अंशांना वितळणारा, उघड्यावर ठेवला की काळवंडणारा. जुने रसायनशास्त्रज्ञ न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना 'माती' म्हणायचे, ते चिकटलं. आणि दुर्मिळ तर अजिबात नाही. पृथ्वीच्या कवचात ते साधारण तांब्याइतकं आहे, शिशापेक्षा कितीतरी जास्त. अडचण एवढीच की ही सगळी भावंडं एकाच खनिजात एकमेकांना बिलगून बसतात आणि वेगळी करता करता नाकी नऊ येतात. सिरियम 1803 साली स्वीडन आणि जर्मनीत, दोन्हीकडे स्वतंत्रपणे ओळखलं गेलं. दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून नाव पडलं. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी. आमच्याकडे असती तर तिला शाळवाचं कणीस वाहिलं असतं.

मेंटलच्या धंद्यात थोरियम काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्याचे ढीग लागले. वेल्सबाखनी 1903 साली त्यातूनच सिरियम आणि लोखंडाचा मिश्रधातू केला. घासला की ठिणगी. सिगारेटच्या लायटरमधला 'दगड' तो हाच, आणि गॅस कटिंगवाला टॉर्च पेटवताना जे चिमट्यासारखं खटखट करतो त्यातही हाच. स्वयंपाकघरातला टकटक लायटर मात्र वेगळा, त्यात सिरियम नसतं. दर वर्षी कुणीतरी मोठ्या उत्साहानं तो वर्गात घेऊन येतं, म्हणून सांगितलं. काचेला पॉलिश करायची पिवळट-गुलाबी पूड सिरियमच्या ऑक्साइडची. गाडीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तेच ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला अल्कोहोल ओळखताना पिवळ्या द्रावणाचं लाल होतं, ते सेरिक अमोनियम नायट्रेट. मुलं बाटलीवरचं नाव वाचतात, पण हे आपलं सिरियम हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही आबांसकट तिसऱ्या मजल्यावर अडकून होतो. वीज नाही. आबांनी माळ्यावरची एकुलती एक उरलेली बत्ती काढायला लावली. मेंटलचं पाकीट निघालं, वायसरही ठीक होता, पण रॉकेल कुठून आणणार? शेवटी माझ्या मुलानं एलईडीचा टॉर्च टेबलावर उभा केला. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्याच्यात मेंटल कुठाय?"

मी टॉर्च बंद करून काच काढली आणि मेणबत्तीजवळ धरून तो पिवळा ठिपका दाखवला. आतला एलईडी खरं तर निळा असतो. त्यावर यिट्रियम नावाच्या धातूच्या एका संयुगाचा थर असतो आणि त्या थरात चिमूटभर सिरियम. ते थोडा निळा प्रकाश गिळून पिवळा सोडतं, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. आबांना म्हटलं, तुमच्या मेंटलमध्ये होतं तेच आहे हे.

"हळद लावल्यागत दिसतंय," आबा म्हणाले. मुलानं ठिपक्याला बोट लावून बघायला हात पुढे केला, आणि आबांनी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नगंस. तुटंल."