दिवस मावळला की बंद पडणारा स्विच

"साहेब, दिवसभर काही नसतं. दिवस मावळला की बंद पडतंय बघा," काट्यावरच्या क्लार्कने फोनवर सांगितलं. तक्रार करणारा माणूस वेळ इतकी नेमकी सांगत असेल, तर ती आधी लिहून घ्यावी, असं माझं मत आहे.

गळीत हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. मी नेटवर्क सांभाळतो त्या कारखान्यात गाडी काट्यावर चढली की वजनाबरोबर नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि मगच पावती छापली जाते. काट्याचे आणि यार्डातले मिळून सोळा कॅमेरे काटाघरामागच्या खोलीतल्या एका स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या नेटवर्कच्या पेटीवर आहेत. हा पीओई स्विच आहे, म्हणजे कॅमेऱ्याला डेटाच्याच केबलमधून वीजही देणारा. तो बंद पडला की काटा थांबतो आणि ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत जाते. तोडलेला ऊस जितका ताटकळतो तितका वाळतो, आणि पैसे वजनावर मिळतात. खोळंब्याची किंमत ज्याला मोजावी लागते त्या शेतकऱ्याचा या बिघाडाशी काही संबंध नसतो, हे मला फार लागतं.

मी पोचेपर्यंत वायरमनने यूपीएस बदलून पाहिला होता. त्याचा संशय रास्त होता, कारण त्याच वेळेला यार्डातले मोठे दिवे लागतात. मी यूपीएसच्या आउटपुटला मीटर लावून बसलो. स्विच बंद पडला तेव्हाही मीटर 230 व्होल्टवर स्थिर होता. दोन-तीन मिनिटांत स्विच पुन्हा उठायचा, जरा वेळ चालायचा आणि परत पडायचा. लॉगमध्ये, म्हणजे स्विचच्या स्वतःच्या नोंदींत, तक्रारीची एकही ओळ नव्हती. वीज कमी पडतेय म्हणून स्विचने स्वतःहून एखादा पोर्ट, म्हणजे केबल लावायची एखादी जागा, बंद केला असता, तर त्याची नोंद राहिली असती. इथे त्याला नोंद करायलाही सवड मिळत नव्हती. प्लगच्या पुढे, स्विचच्या पोटातल्या सप्लायमध्येच, म्हणजे बाहेरची वीज स्विचला लागेल तशी करून देणाऱ्या भागातच काहीतरी होत होतं.

पण संध्याकाळीच का? उत्तर यार्डात मिळालं. अंधारू लागलं तसा डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून बारीक 'टक्' आवाज आला आणि लेन्सभोवतीचे, अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड एलईडी फिकट लाल दिसू लागले. मग शेजारचा कॅमेरा, मग त्यापुढचा. दिवसा हा कॅमेरा पाच वॅटच्या आसपास घेतो, एलईडी लागले की अकराच्या घरात जातो. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसा ऐंशी वॅट, रात्री पावणेदोनशे. स्विचची पीओईची क्षमता 370 वॅट, म्हणजे कागदावर रात्रीचा भार निम्म्याहूनही कमी. त्यामुळेच भाराचा विचार आधी कोणाच्या मनात आला नसावा.

त्या रात्री यार्डातल्या कॅमेऱ्यांची वीज बंद केली आणि काट्यावरचे चार तेवढे चालू ठेवले. सुरक्षा अधिकाऱ्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी यार्डात जादा पहारा लावला. पहाटेपर्यंत काटा एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी रांग विरळ असताना भर उन्हात सगळे कॅमेरे सॉफ्टवेअरमधून एकेक करून नाइट मोडला टाकत गेलो. अकराव्याला स्विच पडला. संशय खरा ठरल्याचा असा आनंद या कामात क्वचितच मिळतो.

त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा सप्लाय मागवला. तो आल्यावर काट्याचे चार कॅमेरे एका लहान स्विचवर घेतले, कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर उतरवलं, प्रत्येक केबलला पोर्टचा नंबर चिकटवला आणि मगच प्लग काढला. झाकण उघडलं तरी लगेच हात घालायचा नाही. 230 व्होल्टच्या एसीचं शिखर 325 च्या आसपास असतं, आणि सप्लायमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही तेवढं धरून बसू शकतो. मीटर लावून ते जवळपास शून्यावर येईपर्यंत थांबलो.

आत जे दिसलं ते वायरमनलाही बोलावून दाखवलं. त्या मोठ्या कपॅसिटरचा माथा फुगला होता. पंख्याच्या पात्यांत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा बारीक भुसा घट्ट बसून पंखा जाम झालेला. अशा कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. स्विचच्या मेंदूला लागणारे 12 व्होल्ट आणि कॅमेऱ्यांचे 54 व्होल्ट, दोन्ही त्याच्याच जिवावर चालतात. दिवसाचा भार तो कसाबसा पेलत होता. रात्री भार वाढला की त्याच्यावरचं व्होल्टेज खचायचं, आणि सप्लायचं संरक्षण दोन्ही आउटपुट एकदम तोडायचं. कॅमेऱ्यांसोबत स्विचही जायचा तो त्यामुळे.

नुसता कपॅसिटर बदलू, असं वायरमन म्हणाला. दोनेक तासांचं काम आणि खर्चही किरकोळ. मी नको म्हटलं. एक फुगला म्हणजे त्याच उष्णतेत भाजलेले बाकीचेही थकलेले असणार, आणि ऐन हंगामात काट्याच्या स्विचवर तो जुगार खेळायचा नाही. सप्लाय अख्खा बदलला, पंखाही नवा टाकला. अर्थिंगचा स्क्रू दातेरी वॉशरसकट घट्ट बसवला. घाईत हाच स्क्रू हमखास राहून जातो.

कॅमेरे जोडण्याआधी दोन्ही व्होल्टेज मोजले. मग सोळाही कॅमेरे नाइट मोडला टाकून दुपारभर चालू ठेवले. 54 व्होल्ट जागचे हलले नाहीत. संध्याकाळी क्लार्क स्वतः स्विचसमोर खुर्ची टाकून बसला आणि रात्री उशिरा त्याचा फोन आला, "चाललंय बघा, साहेब. रांग संपत आली."

गाळपासाठी ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळचा स्विचही मग उघडून घेतला. त्याच्याही पंख्यात भुसा होता, पण कपॅसिटरचे माथे अजून सपाट होते. दोन्ही स्विचच्या कपाटांना जाळीचे फिल्टर बसवले, आणि दर पंधरा दिवसांनी ते झटकायचं काम वायरमनने आपणहून स्वतःकडे घेतलं.