डब्यांच्या पत्र्यामागची तुळई

बोडी हे कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव, सिएरा नेवाडाच्या पूर्वेला २,५५४ मीटर उंचीवर. १८८०च्या सुमारास इथे हजारो माणसं राहत होती. आता शंभराहून थोड्या जास्त इमारती उरल्या आहेत. १९६२पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे आणि दुरुस्तीचा नियम कडक आहे: इमारत पडू द्यायची नाही आणि नवीही करायची नाही. कललेली भिंत तितकीच कललेली ठेवायची.

आम्हाला दिलेलं घर होतं मागच्या बाजूचं, दोन खोल्यांचं. उत्तरेच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत चपटे केलेले पत्र्याचे डबे ठोकलेले. आसपास झाडं नाहीत. १८८१मध्ये मोनो मिल्स या लाकूड कापण्याच्या ठिकाणाहून ५१ किलोमीटरची रेल्वे आली, पण तिचं लाकूड मुख्यतः बॉयलरला आणि खाणीतल्या टेकूंना जायचं. दुकानातून आलेला रिकामा डबा मात्र फुकट.

या घरांना खांब नसतात, हे नवख्याला सांगूनही पटत नाही. जमिनीवर तुळई, तिच्यावर इंचभर जाडीच्या उभ्या फळ्या, वर आडवी पट्टी, सांध्यांवर बारीक पट्ट्या. आतून कापड ताणून त्यावर कागद चिकटवलेला. छताचं सगळं वजन त्या फळ्यांवरच. म्हणून तुळई कुजली की भिंत खाली बसते आणि आतला कागद फाटतो. आपल्याकडे वाड्याला दगडी जोतं असतं. इथे तुळई थेट मातीवर, फार तर कोपऱ्यात चार चपटे दगड.

पत्रे काढायलाच दोन दिवस लागले. खिळे उपसले असते तर गंजलेला पत्रा फाटला असता. म्हणून पत्रा आणि फळी यांच्यामधून करवतीचं पातं घालून खिळे मागून कापले आणि प्रत्येक पत्र्याच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घातला. मग ओळंब्याने कल मोजला, फरशीखाली आडव्या तुळया सरकवल्या आणि स्क्रूचे जॅक लावले. हायड्रॉलिक जॅक अशा घराला लावूच नये. रात्रीतून तो हळूच बसतो आणि सकाळी भिंत हललेली सापडते. एका वेळी पाव फेरा, मग थांबून फळ्यांचा आवाज ऐकायचा. करवतीचं पातं जाईल एवढी फट पडली की बास.

जुनी तुळई हाताने चुरत होती. आमच्यातल्या सुताराने लगेच पत्र्यांना दोष दिला: पत्र्यामागे पाणी अडलं. मलाही आधी तेच वाटलं. पण पत्रे मांडून पाहिले तर वरचा खालच्यावर चढवलेला, अगदी कौलांसारखा. ज्याने ठोकले त्याला काम येत होतं. चूक सापडली सर्वांत खालच्या ओळीत. ती पाच इंच मातीत गाडलेली होती, आणि खिळ्यांची भोकं सांगत होती की ती मुळात उघड्यावर होती. उतारावरची माती वितळत्या बर्फाबरोबर दरवर्षी भिंतीशी साठत गेली. घरात माणूस असताना ती फावड्याने ओढली जायची. १९४२मध्ये टपाल कार्यालय बंद झालं, सोन्याच्या खाणींवर युद्धकाळातली बंदी आली, आणि फावडं मारणारं कोणी उरलं नाही.

माती काढावी की नाही, यावर वाद झाला. पुरातत्त्ववाल्या बाईंचं म्हणणं रास्त होतं: त्या पाच इंचांत बटणं, काचा, खिळे आहेत, आणि खिळा जागेवरून हलला की तो कुठल्या भिंतीचा हे कायमचं जातं. पर्यटक खिशात घातलेले खिळे पुढे पत्रासह परत पाठवतात. ते खिळे कशाच्याच कामाचे नसतात, याची मला अजून चीड येते.

शेवटी वीतभर रुंदीचा चर खणला, सगळी माती चाळली, जिन्नसांच्या जागा आराखड्यावर घेतल्या. नवी तुळई त्याच मापाची, त्याच दगडांवर. मागच्या बाजूला न दिसेल असं दुरुस्तीचं साल ठोकलं. पत्रे जुन्याच भोकांत परत लावले, मागे बोटभर हवा राहील अशा पट्ट्या देऊन. त्या बोटाने भिंत जरा पुढे आली आहे. एरवी कोणाच्या लक्षात येणार नाही, पण माझी नजर तिथेच जाते.

पुढच्या जूनमध्ये रस्ता उघडल्यावर तुळईचा ओलावा मोजला: १४ टक्के. २०च्या वर राहिला तर बुरशी धरते. चरात मात्र अर्धा इंच माती परत आली होती. ती ओढली, चाळली आणि नोंदवहीत लिहिलं: उत्तर भिंत, दर जूनला, फावडं.