१९३८ सालचं टेबल

मैत्रिणीच्या नाटकाच्या पोस्टरसाठी फोटो काढायचा होता. नायिका टायपिस्ट, काळ १९३८, वेळ रात्रीची. टेबलावर दिवा, समोर टाइपरायटर, शेजारी टेलिफोन, गजराचं घड्याळ, मागे ग्रामोफोन. डोक्यात चित्र तयार होतं. हातात वस्तू एकही नव्हती आणि दिवस होते बारा.

पहिले तीन दिवस मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटले, ‘तुमच्याकडे काही जुनं आहे का?’ लोक खरंच मदत करतात. कुणी कॅसेट प्लेअर आणून दिला, कुणी पोर्टेबल टीव्ही, कुणी कळांचा फोन. ज्याच्या-त्याच्या हिशोबाने ते जुनंच होतं. मग प्रश्न बदलला : ‘हाताने फिरवायच्या डायलचा काळा फोन आहे का? कापडी वायरचा टेबललॅम्प?’ नेमकं विचारलं की समोरच्याला काका-आत्यांची घरं आठवायला लागतात. दोन दिवसांत चार पत्ते मिळाले.

टाइपरायटर मिळाला नानांकडे. नाना म्हणजे मैत्रिणीच्या सासरचे, उभी नोकरी टायपिंगमध्ये गेलेली. मशीन इंग्रजी, पेटीत बंद, रिबन वाळून कोळ झालेली. मी कळा तपासत गेले आणि म्हटलं, ‘‘नाना, याची एकची कळ निघून गेलीय.’’

‘‘निघून कुठली जातेय? ती नव्हतीच कधी. एक हवा असला की स्मॉल एल मारायचा. तुला कॉम्प्युटरवाल्यांना काय कळणार!’’

बऱ्याच जुन्या मशीनांवर अंक दोनपासूनच सुरू होत. नवी रिबन घालताना बोटं दोन दिवस काळी राहिली, ती वेगळीच.

फोनच्या बाबतीत मात्र फसता फसता वाचले. भाड्याने मिळालेला पहिला फोन दिसायला झकास, पण उचलला तर पिसासारखा. नीट पाहिलं तर डायलच्या भोकांत बटणं! बटणांचे फोन बाजारात आले १९६३मध्ये. ही तर त्याहूनही नंतरची शोभेची नक्कल. खरा बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या टणक प्लास्टिकचा फोन हाताला वजनदार लागतो. बेकेलाइट १९०७मध्ये लिओ बेकलंडने शोधलं, त्यामुळे आमच्या सालात ते चपखल बसत होतं. ओळखायची एक युक्ती नाटकासाठी वस्तू भाड्याने देणाऱ्यानेच शिकवली : कोपरा अंगठ्याने जोरात चोळायचा, गरम झाला की नाकाशी न्यायचा. औषधी, फॉर्मॅलिनसारखा उग्र वास आला की समजायचं. माझ्या अंगठ्याला तो वास रात्री जेवताना येत होता.

ग्रामोफोनही त्याच्याकडूनच घेतला. वर ठेवायला भाच्याने कौतुकाने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली. एलपीचा जन्म १९४८चा, म्हणजे आमच्या नायिकेला दहा वर्षं थांबावं लागलं असतं. हवी होती मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची तबकडी. ती काचेच्या जातीची असते हे मला ठाऊक होतं, तरी पाच तबकड्या एकावर एक ठेवून जिना उतरले आणि सर्वांत खालची तडकली. डिपॉझिट कापलं गेलं. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या माणसाने दोन तुकडे जुळवून लेबल वाचलं आणि काहीच बोलला नाही, त्याचं.

घड्याळाच्या काट्यांना आणि आकड्यांना पिवळट रंग होता. अंधारात चमकत नव्हता, तरी मी ते उघडलं नाही आणि कुणाला उघडू दिलं नाही. त्या काळी अशा रंगात किरणोत्सारी रेडियम घालत. चमक देणारा पदार्थ काही वर्षांत थकतो, पण रेडियमचा निम्मा ऱ्हास व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. दिव्याची मूळ वायरही तशीच, आतलं रबर बिस्किटासारखं तुटत होतं. ती प्लगला लावलीच नाही. दिव्यात बॅटरीवरचा पिवळा एलईडी बसवला.

एवढं सगळं जमवून आदल्या रात्री टेबल मांडलं आणि चाचणीचा फोटो काढला. फोटो भंगाराच्या दुकानाचा दिसत होता.

मी बारा दिवस गंजलेलं, धुळीने भरलेलं, टवके उडालेलं शोधून शोधून आणलं होतं. जितकं कळकट तितकं अस्सल, असा माझा समज. त्यात दुपारी भाच्याने न विचारता पितळी दिवा पॉलिश लावून लख्ख केला होता आणि माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण आता त्या फोटोत तो एकटा दिवा जिवंत वाटत होता. मग उजेड पडला : १९३८मध्ये ही माझी ‘विंटेज’ वस्तू कुणाची तरी नवीकोरी वस्तू होती. त्या मुलीच्या टेबलावर फोन कदाचित गेल्याच वर्षी आला असेल. ती त्याच्यावर ऐंशी वर्षांची धूळ कशाला बसू देईल?

भाच्याची माफी मागितली आणि दोघं रात्री एकपर्यंत पुसत बसलो. टाइपरायटरचे खिळे टूथब्रशने, फोन मऊ फडक्याने. ठेवलं काय, तर झीज : स्पेसबारवर उजव्या अंगठ्याने पाडलेला खळगा, डायलच्या कडेचा उडालेला तकाकीचा थर, खुर्चीच्या हातांवरचं गुळगुळीत लाकूड. टेबल मात्र मुद्दाम मळकटच ठेवलं. ते तिच्या वडलांचं असू शकतं. कुठल्याच घरात सगळं एकाच सालचं नसतं.

शूटच्या दिवशी कागदाने छळलं. मशीनमधला कागद फ्लॅश पडला की निळसर पांढरा उठून दिसे. आजच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन फ्लॅशमधले अतिनील किरण शोषून निळा उजेड फेकतं. मग कागद पातळ चहात बुडवला, वाळवला, इस्त्री केली आणि घाईघाईत पत्राच्या चार ओळी टाइप करून टाकल्या. काळ्या फोनमध्ये माझं प्रतिबिंब दिसत होतं, म्हणून मी काळी चादर पांघरून फोटो काढले. बाकी सगळं तासाभरात उरकलं.

टाइपरायटर परत द्यायला गेले तेव्हा पोस्टरही नेलं. नानांनी ते खिडकीशी धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला टेकेपर्यंत जवळ आणलं. नायिका, दिवा, फोन यांतलं त्यांना काही दिसलंच नसावं. पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले,

‘‘हा एक बघ. वर दोन्ही बाजूंना आडवी रेघ आहे. कॅपिटल आय मारलास ना गं?’’