आमची वाटचाल : वाड्यातला तो लाल कोटवाला आणि आमचं दुकान

फ्रेमचं दुकान वडिलांनी टाकलं, नागपूरच्या महाल भागात, चितारओळीपासून हाकेच्या अंतरावर. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सत्काराची मानपत्रं, हेच काम. मी आल्यावर जुनी तैलचित्रं साफ करणं, ताणणं सुरू झालं. ते कसं वाढलं ते सांगत बसत नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. सांगायचंय ते एका चित्राचं, कारण गावात अजूनही काही लोक आमच्या नावाने वाट्टेल ते बोलतात.

चित्र एका जुन्या वाड्यातून आलं. ३० बाय २५ इंच, म्हणजे इंग्रजांचं पोर्ट्रेटचं ठरलेलं जुनं माप. लाल कोटातला गोरा ऑफिसर, मागे टेकडी, धूर. सही कुठेच नाही, मागून नाही, पुढून नाही. घरच्यांचं ठाम म्हणणं की ही सीताबर्डीची टेकडी, २६-२७ नोव्हेंबर १८१७ची इंग्रज-भोसल्यांची लढाई आणि चित्र त्याच वेळचं. आता नागपूरच्या माणसाला टेकडी आणि धूर दाखवला तर त्याला दुसरं काय दिसणार, अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ते अरब शिपाई आपण लहानपणापासून ऐकतो.

तेव्हा दुकानात बसले होते आमचे सुभेदारसाहेब, कामठीचे, रिटायर्ड. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक, मेडलच्या पेट्या आमच्याकडेच करायचे आणि जुन्या वर्दीचा त्यांना भयंकर नाद. त्यांनी चेहरा बघितलाच नाही, थेट गळ्याकडे बोट. "भाऊ, याच्या कॉलरवर स्टार आहे ना जी, मग हा १८१७चा कसा राहीन?"

तिथून माझं शिक्षण सुरू झालं म्हणा. ब्रिटिश पायदळात १८५५ला मागे शेपट्यावाला जुना कोट गेला, ट्युनिक आला, खांद्यावरची झालरीची एपॉलेट्स गेली आणि ऑफिसरचा हुद्दा कॉलरवर आला, तो १८८०ला परत खांद्यावर गेला. लाल सॅश, म्हणजे कापडी पट्टा, आधी कमरेला असायची, १८५५पासून डाव्या खांद्यावरून, इथे खांद्यावरूनच होती. छातीवरच्या मेडलची रिबीन पांढरी, दोन लाल पट्टे, म्हणजे १८५७च्या बंडाचं मेडल, ते मंजूरच झालं १८५८ला. सीताबर्डीच्या लढाईचं मेडलसुद्धा शिपायांना १८५१मध्ये मंजूर झालं बरं का, तोवर किती जण जिवंत होते देव जाणे, आणि त्याची रिबीन फिकट निळी. म्हणजे वर्दी १८५८ ते १८८०च्या मधली.

पण वर्दीवरून एवढंच कळतं की चित्र याच्या आधीचं नाही. जुन्या फोटोवरून पन्नास वर्षांनी पण कोणी रंगवू शकतो. म्हणून शटर ओढून, दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारली. ती ३६५ नॅनोमीटरचीच घ्या, नोटा तपासायची स्वस्तातली नुसता जांभळा उजेड फेकते. जुनं व्हार्निश स्वतःच हिरवट चमकतं, त्यामुळे आधी कडेला नखाएवढं उतरवायचं आणि मग बघायचं. पांढरा रंग पिवळसर हिरवा उजळला, म्हणजे झिंक व्हाइट, जस्ताचा पांढरा. टायटॅनियम व्हाइट, हल्लीचा पांढरा, बाजारात आलं १९२०च्या आसपास, ते यूव्हीत असं उजळत नाही, काळपट दिसतं. मूळ रंगात तसं कुठेच नव्हतं, फक्त नंतरच्या दुरुस्तीचा एक ठिपका काळा दिसला. मागे पाचरी ठोकलेली लाकडी चौकट, कडेला लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, स्टेपलर नाही. मी लिहून दिलं: १८५८नंतरचं, बहुतेक १८८०च्या आतलं, कामठीची छावणी १८२१पासून आहे तर तिथल्या कुणा ऑफिसरचं असू शकतं.

झालं. वाडेवाले चिडले, चित्र उचललं आणि धरमपेठेकडच्या एका दुकानदाराकडे गेले. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याने शिक्का मारून दाखला दिला, १८१७, लढाईच्या वेळचं. आणि आमची तारीख जुळत नाही म्हणून वर पसरवलं की महालातल्या फ्रेमवाल्याने ओरिजिनल कॅनव्हास ठेवून घेतला, दुसराच लावून दिला. ऐन दिवाळीच्या तोंडावर! लोक अर्धवट कामं उचलून न्यायला लागले, बँकेचा हप्ता थकला, दोन कारागीर सोडून गेले. वडिलांचं पायाने दाबायचं माइटर कटर होतं, दोन पाती, एका दाबात फ्रेमच्या पट्टीला पंचेचाळीसचा कोन असा कापायचं की जोडात नख शिरणार नाही, पाती फक्त इतवारीतल्या एका म्हाताऱ्याकडूनच धार लावून आणायचो, ते विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं होतं.

वाचवलं सुभेदारसाहेबांनी आणि वडिलांच्या एका सवयीने. वडील काढलेली एक चूकसुद्धा फेकत नसत, पाकिटात घालून वर गिऱ्हाईकाचं नाव. चौकटीची खालची पट्टी वाळवीने खाल्ली म्हणून आम्ही बदलली होती, जुनी पट्टी आणि चुका माळ्यावर तशाच. सुभेदारसाहेब त्या घेऊन वाड्यावर गेले, मला येऊ दिलं नाही. कॅनव्हासच्या वळवलेल्या कडेला भोकांची एकच ओळ, भोवती गंजाची वर्तुळं, आणि पट्टीची भोकं त्यावर बरोब्बर बसली. कॅनव्हास बदलला असता तर ते शक्यच नव्हतं. बोलणं थांबलं. माफी कोणी मागितली नाही, आणि तो दाखला अजून दिवाणखान्यात चित्राखाली लटकतो, १८१७.

कटर विकलं नाही. नंतरची वर्षं बरी गेली.

आता विषय निघालाच आहे तर, चित्र साफ करायला बटाटा, ब्रेड, ओलं फडकं असलं काही घासू नका, तो व्हिडिओ मीपण बघितलाय. मागचा कागद फाडू नका, आधी मागून फोटो काढा, दुकानदाराचा शिक्का असेल तर तोच सगळं सांगतो. आणि बाप्पा, कूलरच्या झोतासमोर कॅनव्हास लावू नका, मे महिन्यात दिवसा कूलरची ओल, रात्री कोरडं, कापड सैल पडतं, रंग पापड्या धरतो. शंभर वर्षांवरचं असेल तर बाहेरदेशच्या पाहुण्याला भेट देऊ नका, १९७२च्या कायद्याने नेता येत नाही.

सध्या उमरेड रोडवरून एक जण फोन करून राहिला, त्याच्याकडे घोडदळाच्या लढाईचं चित्र आहे, आजोबांच्या आजोबांचं. फोटो पाठवला, कोपरा फाटलाय, व्हार्निशखाली कागद दिसतो आणि रंगाचे ठिपके. ओलिओग्राफ आहे, छापील, हे मी फोनवरच सांगितलं. ऐकत नाही. सोमवारी घेऊन येतो म्हणाला.