कल्ल्यांवर कापूस आलाय, कुठलं औषध घालू?

हा प्रश्न मला मार्चअखेरीस यायला लागतो आणि पाऊस पडेपर्यंत येतच राहतो. सोबत ॲक्सोलॉटलचा, म्हणजे आयुष्यभर पाण्यात राहणाऱ्या आणि डोक्याबाहेर पिसांसारखे कल्ले असणाऱ्या सॅलॅमँडरचा, फोटो असतो: कल्ल्यांच्या टोकाला पांढरा झुबका, खाली बाटलीचं चित्र, "हे दुकानदाराने दिलंय, घालू का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. पण आधी माझा उलटा प्रश्न: तुमच्या टाकीतलं पाणी आत्ता किती अंशांवर आहे?

बहुतेकांकडे थर्मामीटरच नसतो. असला तर तो २८ दाखवत असतो, आणि मग पुढचं फारसं विचारावं लागत नाही. हा प्राणी मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्को तलावाचा. ती जागा समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. १८६४ मध्ये चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले, आणि आज घरोघरी नि प्रयोगशाळांमध्ये असलेले बहुतेक त्यांचेच वंशज. पण टाकीत इतक्या पिढ्या काढूनही त्याला १६ ते १८ अंशांचंच पाणी मानवतं. वीसपर्यंत तो चालवून घेतो, बावीसच्या पुढे गेलं की अंगावर काढायला लागतो.

तो पांढरा झुबका बहुतेक वेळा सॅप्रोलेग्नियाचा असतो. पाण्यातली ही बुरशी बाहेरून कुणी आणून सोडत नाही, तिचे बीजाणू पाण्यात असतातच. निरोगी ॲक्सोलॉटलच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यावर तिचं काही चालत नाही. पाणी तापलं, अमोनिया साठला, जोडीदाराने पाय किंवा कल्ला चावला की तो थर तुटतो आणि तिला जागा मिळते. म्हणून औषधाने झुबका गेला तरी पाणी तसंच राहिलं, तर पंधरवड्यात तुमचा मेसेज पुन्हा येतो.

आधी नीट बघा. टॉर्च बाजूने धरा. बुरशीचे तंतू सुटे दिसतात आणि पाण्याच्या हालचालीबरोबर डोलतात. पाण्याबाहेर काढला तर झुबका बसून नुसता चिकट गोळा होतो. याउलट त्वचेला चिकटून पसरलेला राखाडी पापुद्रा, लालसर कडा किंवा जखम दिसली तर ते जिवाणूंचं काम असू शकतं. अशा वेळी मिठावर वेळ घालवू नका. एक्झॉटिक प्राणी बघणारा डॉक्टर गाठा.

बुरशीच असेल तर मिठाचं पाणी. स्वच्छ टबमध्ये टाकीइतक्याच थंड, क्लोरीन काढलेल्या पाण्यात लिटरला दोन ते तीन चहाचे चमचे ॲक्वेरियमचं मीठ पूर्ण विरघळवा. स्वयंपाकघरातलं आयोडीनवालं नको. त्यात प्राण्याला दहा मिनिटं ठेवा, पंधराच्या वर कधीच नाही, दिवसातून एकदा किंवा दोनदा. तो पूर्ण वेळ समोर बसून राहा. धडपडू लागला तर लगेच बाहेर. दोन-चार दिवसांत झुबके गळायला लागतात. त्यानंतर उगाच चालू ठेवू नका, मिठाने कल्लेही भाजतात. झुबका चिमट्याने ओढून काढायचा मोह आवरा, सोबत कल्ल्याचा तंतूही येतो.

मीठ टाकीत मात्र घालू नका. मिथिलिन ब्लू हे बुरशीवरचं निळं औषधसुद्धा नाही. त्याने फिल्टरमधले अमोनिया संपवणारे चांगले जिवाणू मरतात, अमोनिया चढतो आणि होतं त्याहून दुखणं वाढतं. ब्लू वापरायचंच तर वेगळ्या टबात. मॅलाकाइट ग्रीन आणि तांब्याची औषधं दुकानातच राहू द्या. ती माशांसाठी असतात, आणि ॲक्सोलॉटलची कातडी जे मिळेल ते शोषून घेते. देशी बदामाची वाळलेली पानं सौम्य असतात. कीटकनाशक न मारलेल्या झाडाखालची असतील तर जरूर घाला, पण वाढलेली बुरशी त्यांनी जाईल अशी आशा धरू नका.

आता थंडावा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा दोन-चार अंश सहज उतरवतो. पाणी मात्र भराभर उडतं, रोज भर घालावी लागते. हाच जुगाड मुंबईत किंवा कोकणात करून बघितलेले लोक वैतागून लिहितात, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाहीतर एसीची खोली. बर्फाच्या बाटल्या अडीअडचणीला ठीक, पण दुपारी १७ आणि रात्री २५ असं खालीवर होणं त्याला सोसत नाही.

"फ्रिजमध्ये ठेवू का?" हेही विचारलं जातं, आणि घरात कुणीतरी हसतं. परदेशात पाळणारे आजारी प्राण्याला खरोखरच झाकणाच्या डब्यात पाच ते आठ अंशांवर ठेवतात. थंडीने बुरशीची वाढ मंदावते. पण त्यासाठी पाणी हळूहळू थंड करत न्यावं लागतं, रोज सगळं पाणी बदलावं लागतं, आणि तेही आधी तितकंच थंड केलेलं. दर दहा मिनिटांनी दूध-भाजीसाठी उघडणारा घरचा फ्रिज त्या कामाचा नाही. दुसरा फ्रिज असेल तर बोला.

बाकीचं रोजचंच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या आत. नवी टाकी फिल्टरमध्ये चांगले जिवाणू वाढावेत म्हणून महिना-दीड महिना आधी चालवून मगच प्राणी आणा. नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीन घाला, पावसाळ्यात तर विसरूच नका. गांडूळ खाऊन झालं की उरलेला तुकडा लगेच काढा, कारण बुरशी आधी त्याच्यावर धरते. फिल्टरचा झोत हलका ठेवा. कल्ले पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक मुडपलेलं दिसलं, तर झुबक्याची वाट न बघता पाणी तपासा.

झडलेले कल्ले परत येतात का? येतात. पाणी थंड आणि स्वच्छ असेल तर काही आठवड्यांत नवे तंतू दिसू लागतात.

आणि ज्यांनी अजून घेतलेला नाही, त्यांना माझं उत्तर सोपं आहे. मे महिन्यात पाणी विसाच्या आत ठेवायची सोय नसेल, तर नका घेऊ. सोय असेल तर चिलर आधी विकत घ्या, ॲक्सोलॉटल नंतर.