ऑलराउंडर हा शब्द क्रिकेटवाल्यांनी पळवलाय

2 नोव्हेंबर 2025 ला आम्ही डी. वाय. पाटील स्टेडियमला होतो. हो, त्याच, बायकांच्या वर्ल्डकपच्या भारत-दक्षिण आफ्रिका फायनलला. दुपारी पावसाने दोन तास खाल्ले, मॅच पाचला सुरू झाली, आणि शेवटी दीप्तीच्या बॉलवर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो कॅच घेतला तेव्हा माझा आवाज पूर्ण बसलेला होता. त्यानंतर बाहेर पडून नेरूळच्या त्या हायवेच्या कडेला कॅब मिळेना म्हणून फुटपाथवर चौघं उभे, मी, नवरा, दादा आणि माझा भाचा, साडेबारा-एक वाजलेला, आजूबाजूला अजून ढोल वाजतायत, आणि तिथे नवऱ्याने हा विषय काढला.

तो म्हणाला, आता तरी मान्य कर, आज जे बघितलंस त्याच्यापेक्षा ऑलराउंड अ‍ॅथलीट कुठल्या खेळात आहेत सांग. आणि त्याच्याकडे मुद्दे होते हां. शफाली मूळ टीममध्ये नव्हतीच, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली, येऊन 87 मारले आणि वर दोन विकेट. दीप्तीने 58 केले आणि 39 रन देऊन पाच काढल्या. अमनजोतने ब्रिट्सला डायरेक्ट हिटवर रनआउट केलं आणि नंतर वोल्व्हार्टचा तो कॅच, हातातून निसटला, परत निसटला, तिसऱ्यांदा एकदाचा पकडला, माझ्या शेजारच्या काकूंनी तर डोळेच मिटून घेतलेले. जेमिमाचंही नाव त्याने घेतलं, की ती मुलगी आधी महाराष्ट्राकडून हॉकी खेळलीये.

मी म्हटलं हे सगळं खरं, मी आज यांच्यासाठी रडलेय, पण ऑलराउंडर हा शब्द तुम्ही क्रिकेटवाल्यांनी पळवलाय. तुमच्यात ऑलराउंडर म्हणजे काय, बॅट आणि बॉल. दोन विषय. बाकीच्या शरीराचं काय?

तिथून जे सुरू झालं ते कॅबमध्ये चालू, घरी आल्यावर चालू, पुढच्या रविवारी आमच्या घरी मिसळीवर परत चालू. म्हटलं आता लिहूनच टाकू, कारण मिसळीच्या वेळी मला कोणी नीट बोलू दिलं नाही.

मी कोण हे आधी सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते लपून राहायला नको. मी कबड्डीची. शाळेत, मग कॉलेजात आणि ठाण्यातल्याच एका मंडळाकडून सात वर्षं चढाई केली. मॅट वगैरे नंतर आलं, आम्ही मातीवर. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, हॅलोजन लावायचे आणि मग मॅच. गुडघ्यावरची खपली कधी पूर्ण वाळलीच नाही त्या सात वर्षांत. आईने तर लग्नाच्या फोटोंसाठी म्हणून सहा महिने आधीपासून हळद लावायला सुरुवात केलेली.

तर मुद्दा असा की ऑलराउंड ठरवायचं कशावर? प्रत्येकजण आपल्या खेळाची सगळ्यात भारी गोष्ट पुढे करतो. दादा पळणारा, ठाण्याची वर्षा मॅरेथॉन त्याने केलीये, तो लगेच अविनाश साबळेवर आला. की बीडच्या मांडव्याचा पोरगा, 3000 मीटर स्टीपलचेस, त्यात 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाण्यावरून उडी, आणि हे सगळं 8 मिनिटं 09.91 सेकंदात, तर पळणं आलं, उडी आली, दम आला, अजून काय पाहिजे. भाचा वाशीला फुटबॉल खेळतो, तो म्हणाला मावशी, मिडफिल्डर एका मॅचमध्ये दहा-अकरा किलोमीटर पळतो आणि त्यात थांबणं, वळणं, उडी, धक्काबुक्की सगळं. वर त्याने मोबाईलवर ईएसपीएनची ती 2004 ची जुनी यादी काढली, ज्यात 60 खेळांना दहा गोष्टींवर मार्क दिलेत, ताकद, वेग, चपळता, लवचिकता, चिवटपणा, हिंमत वगैरे, आणि त्यात पहिला आला बॉक्सिंग, दुसरा आइस हॉकी. मग त्याच्यावर वेगळा वाद, की मार्क देणारे अमेरिकेतले, त्यांच्यातल्या किती जणांनी कबड्डी बघितली असेल.

मला त्या यादीतली दहा गोष्टींची कल्पना आवडली पण बेरीज नाही आवडली. कारण बेरजेत एक गोष्ट लपते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, गणितात 97, विज्ञानात 95, आणि हिंदीत नापास. बेरीज केली तर तो वर्गात तिसरा. पण त्याला कोणी सर्वांगीण हुशार म्हणेल का? मग खेळाडूलाही तसंच बघा ना. त्याचा सगळ्यात भारी विषय कुठला हे विचारू नका, सगळ्यात कच्चा विषय कुठला आणि त्यात त्याला किती मार्क पडतील हे विचारा. ज्याचा कच्चा विषयसुद्धा बऱ्यापैकी पक्का, तो ऑलराउंडर. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

आता हे माप लावलं की पटापट निकाल लागतात. साबळेबद्दल मला जीव तुटेपर्यंत आदर आहे, पण त्याच्या हातात गोळा द्या. पैलवानाला 1500 मीटर पळवा. फुटबॉलरचे खांदे-हात कच्चे, तो खेळच हातांना बंदी घालतो. बॉक्सर जवळपास सगळ्यात पास होतो हे मी मानते, उडी सोडून. क्रिकेटमध्ये तर असं की खेळ तुम्हाला कच्चा विषय तसाच ठेवू देतो, एखादा जड बॅट्समन स्लिपमध्ये उभा राहून पंधरा वर्षं काढू शकतो आणि संघाला त्याचं काही वाटत नाही कारण तो रन करतोय. अमनजोतसारखी फिल्डर असणं हे तिचं मोठेपण आहे, खेळाची सक्ती नाही. नवऱ्याला हे झोंबलं. पण त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं.

आणि कबड्डी? इथे मला थोडं थांबू द्या.

चढाईला 30 सेकंद असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती कमी. आत गेलं की कळतं केवढे असतात ते. तुम्ही मध्यरेषा ओलांडलीत, तोंडाने कबड्डी-कबड्डी चालू, म्हणजे श्वास बाहेर जातोय आणि आत घ्यायला परवानगी नाही, बरगड्या आतून आवळायला लागतात. समोर सात जणी, हात धरून साखळी करून अर्धगोलात. डाव्या कोपऱ्यातली पकडणारी तुमच्या घोट्यावर नजर ठेवून बसलेली, तुम्हाला ती दिसत नाही पण जाणवते. बोनसला, म्हणजे जादा गुणासाठी पलीकडच्या रेषेपार, पाय टाकायचा तर मागचा पाय हवेत पाहिजे, म्हणजे सगळं वजन एका पायावर, आणि नेमक्या त्याच क्षणी ती घोट्यावर सूर मारते. आता काय करायचं? एका पायावरच उडी मारून सोडवायचं, कंबरेतून वळायचं, मध्ये आडवी येणारीच्या हाताखालून घुसायचं आणि दोन जणी अंगावर असताना बोटाच्या टोकाने मध्यरेषा गाठायची. दम तोंडात धरून. म्हणजे ताकद, उडी, वेग, लवचिकता, फुप्फुसं, डोकं हे वेगवेगळ्या तासाला नाही, सगळे पेपर एकाच वेळी. आणि परत आलात की लगेच तुम्ही पकडीला उभ्या, मगाशी जिने तुम्हाला धरलं तिला आता तुम्ही धरायचंय.

म्हणून मी म्हटलं कबड्डी पहिली. विषय संपला.

तर भाच्याने अगदी शांतपणे विचारलं, मावशी, कबड्डीचा कच्चा विषय कुठला?

माझंच माप माझ्यावर. आणि आहे हो. कबड्डीत फेकणं नाही. काहीच नाही, सात वर्षांत मी एक दगडसुद्धा जोरात फेकला नसेल. आणि लांब पळणं नाही, आमच्या वेळी बायकांच्या मॅचला 15-15 मिनिटांचे हाफ, मध्ये विश्रांती, आणि पळणं सगळं आठ-दहा पावलांचं. आठशे मीटर सलग पळायला सांगितलं असतं तर आमच्यातल्या निम्म्या जणी बसल्या असत्या.

मग तो डेकॅथलॉनवर आला. दोन दिवस, दहा प्रकार. पहिल्या दिवशी 100 मीटर, लांब उडी, गोळा, उंच उडी, 400 मीटर. दुसऱ्या दिवशी 110 मीटर हर्डल्स, थाळी, पोल व्हॉल्ट, भाला आणि सगळं अंग मोडल्यावर 1500 मीटर. फ्रान्सच्या केविन मेयरचे 2018 चे आकडे त्याने वाचून दाखवले आणि मी खरंच गप्प झाले. 100 मीटर 10.55 सेकंदात. लांब उडी 7.80 मीटर. गोळा बरोब्बर 16 मीटर. पोल व्हॉल्ट 5.45. भाला 71.90. एकाच माणसाने, दोन दिवसांत, 9126 पॉइंट, वर्ल्ड रेकॉर्ड. त्याचा कच्चा विषय बहुतेक शेवटचा 1500, तोही 4 मिनिटं 36 सेकंदात. आणि हाच माणूस महिनाभर आधी बर्लिनला युरोपियन स्पर्धेत लांब उडीचे तिन्ही प्रयत्न फाउल करून बाहेर पडला होता, कारण एका विषयात शून्य पडलं की बेरीज एवढी खाली येते की पदक जवळपास गेलंच. बेरीज असली तरी माझं मार्कशीटचं माप तिथे जवळजवळ लागूच होतं की. आपल्यातही तेजस्विन शंकर आहे, मूळचा उंच उडीवाला, 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला उंच उडीत ब्राँझ घेतलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये डेकॅथलॉनचं सिल्व्हर, 7666 पॉइंट.

मी एवढंच म्हटलं की अंगावर येणारी प्रतिस्पर्धी नसते त्यात, गोळा काही तुमचा घोटा पकडत नाही. हा माझा मुद्दा अजूनही आहे. पण बोलता बोलता मला 2018 आठवलं आणि माझा आवाज खाली आला.

त्या ऑगस्टमध्ये जकार्ता एशियाड होतं. 1990 पासून कबड्डीचं गोल्ड भारताशिवाय दुसऱ्या कोणाकडे गेलं नव्हतं आणि त्या आठवड्यात पुरुष इराणकडून सेमीफायनलला हरले, दुसऱ्या दिवशी बायका फायनलला हरल्या, 27-24, परत इराणच. मी ऑफिसातून आले आणि जेवले नाही. नंतर पाचेक दिवसांनी टीव्हीवर ती दिसली, स्वप्ना बर्मन, गालावर ही मोठी टेप लावलेली. दाढ दुखत होती म्हणून. दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, त्यामुळे मापाचे बूटच मिळायचे नाहीत, आणि तिच्या खेळात उडीला वेगळे, भाल्याला वेगळे, पळायला वेगळे बूट लागतात. जलपायगुडीची, वडील सायकलरिक्षा ओढायचे. हेप्टॅथलॉन म्हणजे सात प्रकार, त्यात तिने 6026 पॉइंट केले आणि भारताला या प्रकारातलं एशियाडचं पहिलं गोल्ड मिळालं. शेवटच्या 800 मीटरला ती पळत होती तेव्हा मी सोफ्यावर बसून नव्हते, उभी होते. माझ्या खेळाचं दुःख त्या चार दिवसांत मी विसरले नव्हते, तरी उभी होते.

हे आठवून मी भाच्याला म्हटलं ठीक आहे. पहिला नंबर डेकॅथलॉन आणि हेप्टॅथलॉनचा. दुसरा कबड्डीचा, आणि तो मी कोणाला देणार नाही, बॉक्सिंगलाही नाही. बाकी तुम्ही आपापसात भांडा. दादाने हात जोडले. नवरा अजून मानत नाही, तो म्हणतो दहा प्रकार असलेला खेळ हा एक खेळ धरायचाच नाही, आणि या मुद्द्यावर आमचं अजून चालू आहे.

एक राहिलं. मी सकाळी दादोजी कोंडदेवला चालायला जाते. तिथे एक मुलगी येते, सोळा-सतराची, एवढी मोठी सॅक, त्यात बुटांचे तीन जोड आणि टेपची गुंडाळी. आधी मला वाटायचं या पोरीला ठरवता येत नाहीये काय करायचं ते, एके दिवशी गोळा, एके दिवशी हर्डल्स. आता कळतंय. मागच्या आठवड्यात तिचे सर आले नव्हते तर तिने मला विचारलं, काकू, मोबाईलवर घड्याळ लावाल का, 800 आहे. त्याआधी अर्धा तास ती गोळा फेकत होती, मानेजवळ पांढरी पावडर तशीच. पहिली चक्कर ती मस्त पळाली. दुसऱ्या चक्करला पलीकडच्या वळणावर तिचे खांदे वर यायला लागले, तोंड उघडलं, आणि मी नकळत जोरात ओरडले, दम धर, दम धर! म्हणजे आम्ही चढाईला ओरडायचो तसंच. 2 मिनिटं 34. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, थोडा वेळ काही बोललीच नाही, मग वर बघून म्हणाली, काकू गुरुवारी पण याल ना, सर नाहीयेत गुरुवारी पण.